सगळ्यांना माहीत असलेलं

जुन्नर
१२ जुलै

चि. मनीषा हिला आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री दादाचा फोन आला होता. तू एफवायबीएला समाजशास्त्र मेजर घेतलंस, असं त्याने सांगितलं, आणि सांगताना त्याच्या आवाजातली काळजीही मला कळली. घरात काय बोलणं चाललं असेल याचा अंदाज आहे. कुणी म्हणत असेल, हे शिकून पोटापाण्याचं काय? दुसरं कुणी म्हणत असेल, बरं केलं, सोपा विषय आहे, परीक्षेआधी पंधरा दिवस गाईड वाचलं की सुटतो. पोटापाण्याचा प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर पत्राच्या शेवटी देते. सोपेपणाबद्दल मात्र आधीच बोलते. हा विषय मी आयुष्यभर शिकवला आणि चांगली हुशार पोरं त्या एका समजुतीपायी मागे राहिलेली पाहिली.

समाजशास्त्र सोपं वाटतं, कारण पुस्तकातल्या प्रकरणांची नावं ओळखीची असतात. कुटुंब, विवाह, जात, धर्म, ग्रामीण समाज, आदिवासी समाज. रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं की आपल्याला यातलं काही येत नाही, हे पोरांना पहिल्या पानावरच कळतं. इथे तसं होत नाही. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला वाढलेल्या मुलीला आदिवासी समाज म्हणजे काय, हे कोण शिकवणार? तुला सगळं माहीत आहे. मनीषा, खरी अडचण तीच आहे. माहीत असलेल्या गोष्टीला आपण प्रश्न विचारत नाही. या तीन-चार वर्षांत तुला शिकायचं आहे ते हे, की जिथे सगळे "त्यात काय, माहीतच आहे" म्हणतात तिथे थांबायचं आणि विचारायचं: असं का? कधीपासून? यात कुणाचं बरं होतं आणि कुणाला सोसावं लागतं?

आपल्या भावकीतच बघ. तिशी ओलांडलेली, लग्न न झालेली पोरं किती आहेत? एकाचं जमेना तेव्हा बायका म्हणाल्या, स्वभाव हट्टी आहे. दुसऱ्याचं जमेना तेव्हा पत्रिका दाखवली. पण खाली नारायणगाव-मंचरच्या बागायती गावांत, टोमॅटो-द्राक्षं पिकवणाऱ्या घरांतही हीच तक्रार असेल, तर ते स्वभावाचं आणि पत्रिकेचं उरत नाही. सी. राइट मिल्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली आपल्या पुस्तकात हेच मांडलं. एका माणसाची खासगी अडचण आणि सगळ्या समाजाचा प्रश्न यांच्यातला धागा दिसायला लागणं, ही या शास्त्राची नजर. पहिल्याच वर्षी तुला त्याचं नाव भेटेल आणि दोन ओळींची व्याख्या पाठ करून घेतली जाईल. पाठ कर, मार्क मिळतील. पण त्यानंतर वही घेऊन बस. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ राहिल्या. त्यातल्या बऱ्याच मुली आज लग्नाच्या वयाच्या आहेत, आणि ज्या जन्मालाच आल्या नाहीत त्यांची जागा रिकामी आहे. वाटण्या होऊन जमीन किती गुंठ्यांवर आली तेही लिही. चाकणच्या कंपनीतला ठरलेला पगार आणि टोमॅटोचा न ठरलेला भाव शेजारी शेजारी मांड. २०२३ च्या जुलैत वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं आणि पुढच्या काही आठवड्यांत भाव कोसळला, हे तू पाहिलंच आहेस. मुलीचा बाप अशा घरात पोरगी देताना काय हिशेब करत असेल?

मग पारावर बसणारा कुणीच करत नाही ते कर. "पोरींना शेतकरी नवरा नको झालाय" हे वाक्य तू आजवर पोराच्या घरच्यांच्याच तोंडून ऐकलं असशील. पोरींना कुणी विचारलंय का? तुझ्या वर्गात चाळीस-पन्नास मुली असतील. त्यांच्याशी बोल. एक गोठ्याचं सांगेल, दुसरी पाण्याचं, तिसरी सांगेल की आईने उभा जन्म ज्या शेतात काढला त्याच्या सातबारावर तिचं नावच नाही. वाक्य तेच राहील, पण ते कुणाच्या बाजूने बोललं जातंय हे तुला दिसायला लागेल.

बिबट्याचं सांगते, कारण त्याच्याबद्दल जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन्ही तालुक्यांत रोज बोललं जातं आणि विचार मात्र फार थोडा होतो. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आपलं डिंभे. पाणी खेळलं, ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले. उसात बिबट्याला आडोसा मिळाला, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या मिळाल्या, आणि कित्येक पिढ्या त्याच उसात जन्मल्या. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, ते तू शाळेच्या सहलीत पाहिलं असशील. विद्या अत्रेय यांनी जुन्नर वनविभागातल्या घटनांचा अभ्यास करून दाखवलं, की एकीकडचा बिबट्या पकडून दुसरीकडे सोडला की प्रश्न सुटत नाही, उलट सोडलेल्या जागेच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढतात. हे वन्यजीव अभ्यासकांचं काम झालं. तुझं काम त्याच्या पुढे आहे.

पेपरात बातमी येते: "बिबट्याच्या हल्ल्यात बालक ठार." तू ती बातमी कापून वहीत चिकटव आणि शेजारी लिही: हे मूल कुणाचं होतं? रात्री कुठे झोपलं होतं? ऊसतोडीची टोळी फडाच्या कडेला कोपी उभारते. चार बांबू, वर पाचट नाहीतर प्लॅस्टिक, दाराला गोणपाट. पहाटेच्या अंधारात आई-बाप कोयता घेऊन फडात शिरतात आणि धाकटं मूल मोठ्या बहिणीच्या भरवशावर बाहेर असतं. मेंढरांचा वाडा घेऊन उघड्यावर मुक्काम करणारा धनगर, वाकून गवत कापणारी बाई, आणि शेतीची लाईट रात्रीच्या पाळीत आहे म्हणून अकरा वाजता मोटर चालू करायला बॅटरी घेऊन निघालेला शेतकरी. हल्ला कुणावर होतो हे बिबट्या एकटा ठरवत नाही. कुणाच्या घराला पक्कं दार आहे, कुणाला दिवसा वीज मिळते, कुणाच्या वस्तीवर दिवा आहे, यावर ते ठरतं. दिवसा वीज द्या, या शेतकऱ्यांच्या मागणीत म्हणूनच बिबट्याही आला आहे. एवढं तुला मांडता आलं तर तू समाजशास्त्र शिकलीस असं मी म्हणेन, मग परीक्षेत कितीही मार्क पडोत.

आपल्या डोंगरपट्ट्यात वाघोबाचं ठाणं आहे, वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवतात. खाली पूर्वेकडच्या गावांत पिंजरा लावा नाहीतर गोळी घाला, अशी मागणी होते. लगेच "आदिवासी निसर्गप्रेमी असतात" असं लिहून मोकळी होऊ नकोस. ते वाक्य ऐकायला गोड आहे आणि त्याने काहीच कळत नाही. ज्याच्या घरातलं लेकरू गेलं त्याच्या रागाला अज्ञान म्हणायचाही कुणाला हक्क नाही. डोंगरात गुरं किती, ऊस किती, माणसं किती दाट राहतात, रात्री बाहेर कुणाला जावं लागतं, हे आधी बघ. श्रद्धेबद्दल त्यानंतर लिही.

आता पुस्तकांबद्दल. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला आणि १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो चालवला. हे घुर्ये तुझ्या अभ्यासक्रमात असतीलच, पण वर्गात बहुधा सांगितलं जाणार नाही ते मी सांगते. त्यांनी १९५७ साली एक पूर्ण पुस्तक महादेव कोळ्यांवर लिहिलं. आपल्यावर. ज्यांना समाजशास्त्र घेऊन काय करणार असं वाटतं त्यांना हे सांग, की या देशातल्या नामांकित समाजशास्त्रज्ञाला आपली माणसं अभ्यासावीशी वाटली होती. इंग्रजीत आहे, जुनं आहे, शोधावं लागेल. पुण्याला गेलीस की डेक्कन कॉलेज किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी कर.

ते हाती आलं की जपून वाच. १९४३ च्या एका पुस्तकात घुर्ये यांनी आदिवासींना मागासलेले हिंदू म्हटलं होतं. मानवशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांचं मत वेगळं होतं, आणि तो वाद पुढे पुस्तकांबाहेर, धोरणांपर्यंत गेला. तू स्वतः त्या वादाच्या आत जन्मली आहेस. जातपडताळणीच्या कागदासाठी दादाने किती खेटे घातले ते तुला माहीत आहे. तेव्हा आपल्याबद्दल बाहेरच्या माणसाने लिहिलेलं वाचताना कधी ऊर भरून येईल, कधी संताप येईल. दोन्ही होऊ दे, पण पेन्सिल हातात ठेव. लग्नातले विधी, कुळं, देव, जमिनीचा व्यवहार, जे जे लिहिलंय ते आजीला विचार. कुठे जुळतं, कुठे जुळत नाही, कुठे पूर्वी जुळत होतं आणि आता नाही, हे नोंदव. विद्वानाने लिहिलं म्हणून ते खरं होत नाही आणि परक्याने लिहिलं म्हणून खोटंही होत नाही. घुर्ये यांनी स्वतःच असा एक पडताळा केला होता. पुण्याजवळच्या लोणीकंदचं वर्णन थॉमस कोट्स या इंग्रजाने पेशवाई बुडाल्यावर थोड्याच वर्षांत लिहून ठेवलं होतं. सव्वाशे वर्षांनी त्याच गावाकडे पुन्हा बघून घुर्ये यांनी १९६० साली काय बदललं त्याचं पुस्तक केलं. आपल्या माणसांवरच्या १९५७ च्या पुस्तकाचा असा पडताळा करायला तुझ्याइतकी योग्य जागी बसलेली विद्यार्थिनी कोण आहे?

इरावती कर्वे तुला 'युगान्त'मुळे माहीत आहेत. त्या घुर्ये यांच्या विद्यार्थिनी आणि डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र-मानवशास्त्राच्या प्रमुख होत्या. त्यांचं 'मराठी लोकांची संस्कृती' १९५१ चं आहे, मराठीतच आहे, तिथून सुरुवात कर. पण मला तुझ्या हातात द्यावंसं वाटतं ते त्यांचं आणि जाई निंबकर यांचं १९६९ चं काम, कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी. धरणाने विस्थापित झालेल्या लोकांचं पुढे काय झालं हे घरोघर जाऊन विचारण्याचं काम तेव्हा फारसं कुणी करत नव्हतं. तुझ्या घरासमोर डिंभ्याचं पाणी आहे. जुनं आंबेगाव, ज्याच्या नावाने तालुका आहे, ते त्याच पाण्यात गेलं आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. वरचे काही लोक खाली लाभक्षेत्रात गेले, काही डोंगरावर सरकले, काही पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करू लागले. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने या लोकांबरोबर गाळपेरीच्या हक्कासाठी आणि पडकईसाठी काम केलं, त्याला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पडकई तू लहानपणी पाहिली आहेस. गावाने मिळून एकेकाच्या उतारावर भातखाचरं काढायची. तू ती "आपल्याकडे असतं" म्हणून सोडून दिली असशील. कुणाच्या शेतावर आधी जायचं, न येणाऱ्याचं काय करायचं, म्हाताऱ्या विधवेच्या वाट्याचे कष्ट कोण करतं, हे विचार. सहकार या विषयावरचा आख्खा पेपर त्यात आहे.

माळीणबद्दल थोडंच लिहिते, कारण त्या दुःखाला हात लावताना मलाही धीर गोळा करावा लागतो. ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळला, दीडशेच्या वर माणसं गेली, आणि नेहमीच्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही तेव्हा बाहेर कळलं. २०१७ मध्ये नवी पक्की घरं दिली गेली. तू कधी तिथल्यांशी बोलायला गेलीस, तर त्या दिवसाबद्दल विचारू नकोस, ते पत्रकारांनी भरपूर विचारून झालंय. नव्या घरात गुरं कुठे बांधता, भाताच्या पेंढ्या कुठे ठेवता, शेजारी पूर्वीचेच आहेत का, देव कुठे बसवले, हे विचार. माणसं घरांबद्दल बोलता बोलता गावाबद्दल बोलतात, आणि बोलायचं असेल तर बाकीचंही स्वतःहून सांगतात.

इथून मला बाहेर जाऊन बघण्याबद्दल सांगायचंय. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आहे. बरीच पोरं तो झेरॉक्सच्या दुकानात "तयार" घेतात, मागच्या वर्षीचा, नाव बदलून. तू तसं केलंस तर मी दादाकडे तक्रार करणार नाही, पण मला वाईट वाटेल. एखाद्या पहाटे नारायणगावला जा. रस्त्याच्या कडेला मजूर उभे असतात, त्यात आपल्याच डोंगरातून, अकोले तालुक्यातून आलेल्या बाया असतात. कमरेला खुरपं, फडक्यात बांधलेली भाकरी, कडेवर मूल. पिकअप येऊन थांबते, काचेतून बोट दाखवून माणसं निवडली जातात. कुणाला आधी निवडतात? मूल कडेवर असलेली मागे राहते का? भाव कोण ठरवतं, आणि टोमॅटो तोडणीचा बाईचा रोज आणि क्रेट उचलणाऱ्या गड्याचा रोज यांत किती फरक आहे? ड्रायव्हरशेजारी कोण बसतं, मागे हौद्यात कोण? तिथून मार्केट यार्डात जा. आडत्या, हमाल, तोलारी, परप्रांतातला व्यापारी, आणि पट्टी हातात घेऊन उभा असलेला शेतकरी. एका सकाळी सगळं बघायचा हट्ट धरू नकोस. एकच गोष्ट धर, पुन्हा पुन्हा जा, आणि घरी आल्याबरोबर त्याच दिवशी लिहून काढ. डाव्या पानावर फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं, उजव्या पानावर तुला काय वाटलं ते. दोन्ही एकत्र करशील तर सहा महिन्यांनी तुझं तुलाच कळणार नाही, बाई खरंच तसं म्हणाली होती की तुला तसं वाटलं होतं.

इरावतीबाईंनी हेमलता आचार्य यांच्याबरोबर आठवडे बाजारांवरही पाहणी केली होती, ती १९७० ला प्रसिद्ध झाली. आणि बाजारपेठेचा अभ्यास म्हटला तर जुन्नरसारखी जागा नाही. नाणेघाटातून दोन हजार वर्षांपूर्वी माल उतरत होता, आणि इथल्या लेण्यांतले लेख सांगतात की धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाचा पैसा ठेवला जात होता, यवनांनीही दानं दिली. ते लेख वाचताना कुणाची नावं आहेत यापेक्षा कुणाची नाहीत हे मी पोरांना शोधायला लावत असे. ओझी घाटाने वर कुणी आणली?

आणखी एक गोष्ट, थोडी अवघड. बाहेरचा संशोधक आपल्या वाडीत येतो तेव्हा तो परका असतो. तू तुझ्या वाडीत जाशील तेव्हा अमक्याची नात असशील. चुलीपाशी बायका तुझ्याशी मोकळं बोलतील, त्यातलं बरंचसं त्या तुला भाची-पुतणी म्हणून सांगतील, अभ्यासासाठी नव्हे. ते प्रोजेक्टमध्ये लिहायचं असेल तर त्यांना पुन्हा विचार. नावं, वाडीचं नाव, ओळख पटेल असा तपशील बदल. कुणी "आमचं घरकुल मंजूर होईल का गं?" म्हणून विचारलं, तर होईल म्हणू नकोस. ग्रामसेवकाकडे कोणता अर्ज द्यायचा ते माहीत असेल तर सांग, नसेल तर शोधून सांग. हेच कातकऱ्यांच्या किंवा ठाकरांच्या वस्तीवर गेलीस की सगळं बदलतं. आपण स्वतःला सोसलेला समाज समजतो, आणि ते खरं आहे. पण कातकऱ्याच्या झोपडीतून बघितलं तर आपण जमीनवाले आहोत, आपल्यातली माणसं सरपंच आहेत, तलाठी-शिक्षक आहेत. वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेल्या कातकरी बाईसमोर तू खाली बसून बोलतेस की खाटेवर, याकडेही लक्ष दे. आपल्याच माणसांनी त्यांना कसं वागवलं ते त्या सांगू लागल्या तर मधेच आपली बाजू मांडू नकोस. ऐकून घे आणि लिही.

नारायणगाव म्हटलं की तमाशाही आलाच. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव ते. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. तिथे जाण्याआधी शर्मिला रेगे वाच. त्या पुणे विद्यापीठात शिकवत होत्या, २०१३ साली अकाली गेल्या. लावणी कलावंत बायकांवरचा त्यांचा १९९५ चा निबंध आहे. बाईचं नाचणं, तिची जात आणि त्यातून दुसऱ्यांनी कमावलेला पैसा हे तीन धागे त्यांनी असे उलगडले, की "लोककला जपली पाहिजे" एवढंच म्हणून गप्प बसता येत नाही.

मराठीतलं आधी वाचायचं ते असं. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा', १९१५ चा. महसूल खात्यातल्या माणसाने लिहिलेला, तपशिलाला तोड नाही, पण फिरस्त्या जमातींबद्दल तो कठोर बोलतो, तिथे सावध राहा. जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड', १८८३ चा. आपल्या ओतूरच्या पाटलाने त्याच सत्यशोधकी वाऱ्यात भटजीशिवाय लग्न लावलं आणि ग्रामजोशी हक्कासाठी कोर्टात गेला, हेही शोध. बाबासाहेबांचा जातींच्या उगमावरचा निबंध मराठी अनुवादात मिळतो. तो त्यांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठाच्या चर्चावर्गात वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. आपल्याच जातीत लग्न करण्याच्या बंधनावर त्यांनी बोट ठेवलंय. तो वाचून झाला की भावकीतल्या लग्नांची वही पुन्हा उघड.

इंग्रजीला घाबरू नकोस आणि तिला टाळूही नकोस. पेपर मराठीत लिही, उत्तम लिही. पण रोज एक पान इंग्रजी वाच, शब्दकोश शेजारी ठेवून. सुरुवातीला एका पानाला तास लागेल. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी घुर्ये यांचं पुस्तक तू आपलं आपण वाचू शकशील. आकडेवारीचं तसंच. मुली म्हणतात, गणित नको म्हणून तर आर्ट्सला आलो. नमुना कसा निवडायचा, टक्केवारी कुठे फसवते, तक्ता कसा वाचायचा, एक्सेल कसं वापरायचं, एवढं येत नसेल तर दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर जन्मभर विश्वास ठेवावा लागतो. जनगणना पुस्तिका, ग्रामपंचायतीची रजिस्टरं, वनहक्काच्या दाव्यांच्या फायली, हे सगळं हाताशी आहे. आपली गावं पेसा कायद्याखाली येतात, ग्रामसभेचं इतिवृत्त मागून वाच. निसर्ग वादळात २०२० ला हिरड्याचं नुकसान झालं आणि भरपाईसाठी लोकांना पुढे वर्षानुवर्षं झगडावं लागलं. ज्या झाडावर घराचा उन्हाळा चालतो त्याची कागदावर काय नोंद होती, हा एक प्रश्न धरलास तरी तुझा प्रोजेक्ट होईल.

आता दादाच्या प्रश्नाचं उत्तर. हा भाग त्याला मोठ्याने वाचून दाखव.

दादा, नुसत्या बीएच्या कागदावर नोकरी मिळत नाही, समाजशास्त्राच्याही नाही आणि बाकीच्या बऱ्याच विषयांच्याही नाही. प्राध्यापक होईन असं ती म्हणाली तर तिला आधीच सांग, की त्यासाठी एमए, सेट-नेट करूनही कित्येक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबताहेत. त्या एकाच आशेवर राहू नये. पण बाकीच्या वाटा खऱ्या आहेत. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला समाजशास्त्र वैकल्पिक विषय घेता येतो, अडीचशे गुणांचे दोन पेपर. समाजकार्यात जायचं तर पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे, मुंबईला आणि तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. आदिवासी विकास विभाग, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, आरोग्य-शिक्षणावर काम करणाऱ्या संस्था, सर्वेक्षणं करणाऱ्या कंपन्या, वर्तमानपत्रं, या सगळ्यांना गावात जाऊन नीट विचारणारं आणि आल्यावर नीट लिहिणारं माणूस हवं असतं. तसं माणूस सहज मिळत नाही. तीन वर्षांच्या शेवटी मनीषाच्या हातात तिने स्वतः केलेला एक अहवाल असेल, इंग्रजी वाचता येत असेल आणि आकड्यांचा तक्ता मांडता येत असेल, तर ती रिकामी बसणार नाही. चौथं ऑनर्सचं वर्ष करायचं की सरळ एमए किंवा एमएसडब्ल्यूला जायचं, हे तिसऱ्या वर्षी ठरवू. पैशाचं म्हणशील तर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा. पुढे पुण्यात वसतिगृह मिळालं नाही, तर घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात स्वयं योजनेची चौकशी करा, राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर येतात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आताच काढून ठेव. ऐन वेळी सेतूत रांग असते.

मनीषा, 'गावगाडा' आणि 'मराठी लोकांची संस्कृती' या माझ्या प्रती शनिवारच्या एसटीने बाळूच्या हाती पाठवते आहे. पेन्सिलीने खुणा केलेल्या आहेत, त्या खोडू नकोस, शेजारी तुझ्या कर. पहिल्या सत्रात मला फक्त दोन गोष्टी पाठव. वर्गातल्या मुलींनी शेतकरी नवऱ्याबद्दल काय सांगितलं ते, त्यांच्या शब्दांत. आणि यंदा पडकई कुणाच्या शेतावर आधी झाली आणि का, ते. आजीला विचारशील तेव्हा तिचं बोलणं सुधारून लिहू नकोस, ती जसं बोलते तसंच लिही.

आजीला नमस्कार, वहिनीला आठवण सांग.

तुझी,
आत्या